खोलीत दुसरी व्यक्ती आहे

पोकुआ सिस्टरची पदवी पहिल्यांदा हुकली ती तीन शब्दांपायी. "बरी आहे, आंटी," एवढंच ती बोलली होती, आणि तेही चौथ्यांदा विचारल्यावर.

येबोआक्रोममध्ये आरोग्य केंद्र एक, केंद्रात सिस्टर एक आणि सिस्टरकडे फोन एक. त्या फोनवर ती तीन वर्षं नर्सिंगची पदवी शिकत होती. अभ्यासाला वेगळा वेळ मिळणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं तो कामातच कालवून टाकला होता. आंब्याच्या फांदीला वजनकाटा, काट्याच्या झोळीत कुणाचं तरी बाळ, आणि सिस्टरच्या एका कानात मूत्रपिंडाचं कार्य. दुसऱ्या वर्षी कानातला इयरफोन एका बाळानं गिळला. तो दुसऱ्या दिवशी सुखरूप परत मिळाला, पण सिस्टरनं काही तो पुन्हा कानात घातला नाही. तेव्हापासून व्याख्यानं सगळ्या रांगेला ऐकू जायची.

त्याचा परिणाम असा झाला, की गाव आपोआप शिकत गेलं. ताडी प्यायला बसलेली माणसं यकृताचं नाव निघालं की आवाज खाली आणायला लागली. बाजारात एका टोमॅटोवालीनं दुसरीला "तुझं सोडियम उतरलंय" असं तोंडावर सांगितलं, त्यावरून दोघींचं आठ दिवस बोलणं बंद होतं. एकदा व्याख्यान ऐन मध्यावर तुटलं, तर रांगेतल्या बायका लस टोचून घेईनात. हृदयाच्या डाव्या कप्प्यात आलेल्या रक्ताचं पुढे काय झालं ते आधी सांगा, म्हणाल्या. सिस्टरची परीक्षा असं गावात कुणी म्हणतच नसे. "आपली परीक्षा कधी आहे?" असंच विचारत.

शेवटचा पेपर मात्र सिस्टरला एकटीनंच द्यायचा होता, आणि त्यावर फोनमध्ये एक पहारेकरी बसवलेला होता. पहारेकरी म्हणजे विद्यापीठानं धाडलेलं एक ॲप. ते कॅमेऱ्यातून दोन तास टक लावून बघणार. उमेदवारानं बोलायचं नाही, जागचं उठायचं नाही, आणि चौकटीत दुसरं कुणी दिसता कामा नये. जेवायचं की नाही ते लिहिलेलं नव्हतं.

सिस्टर केंद्राच्या पाण्याच्या टाकीपाशी बसली. विसाव्या प्रश्नावर होती तेव्हा बिरागो आंटी शेताला निघाली. ऐंशी वर्षांची ही बाई निम्म्या गावाची आत्या आणि उरलेल्या निम्म्याचा धाक. तिनं विचारलं, "कशी आहेस, बाळ?" सिस्टर गप्प. आंटी थबकली. तिच्या विचारपुशीला उत्तर न देणारी दोनच तऱ्हेची माणसं तिनं आयुष्यात पाहिली होती, मेलेली आणि राजधानीतली. तिनं पुन्हा विचारलं. मग जवळ येऊन विचारलं. मग सिस्टरच्या कपाळाला हात लावून, ताप बघत बघत, विचारलं. मोठ्या माणसाला इतकं ताटकळत ठेवायचं, हे काही सिस्टरच्या आईनं शिकवलेलं नव्हतं. ते तीन शब्द तिच्या तोंडून गेले, फोन लालभडक झाला, आणि उमेदवार बाहेरच्या व्यक्तीच्या संपर्कात आहे असं सांगून पेपर बंद पडला.

विद्यापीठाचं पत्र आलं. आणखी एक संधी, तीन आठवड्यांनी, बुधवारी दहा वाजता. त्याही वेळी पेपर बंद पडला तर नाव पटावरून कमी, म्हणजे तीन वर्षं पाण्यात. सिस्टरनं पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बाळांची वजनं करायला गेली. त्या दिवशी गावातली सगळी बाळं दोनशे ग्रॅमनं हलकी भरली. काटा शून्यावर आणायचंच ती विसरली होती.

बिरागो आंटी तडक नानांकडे गेली. नाना म्हणजे गावचे प्रमुख. तिच्या दोन तक्रारी होत्या. सिस्टरनं तीनदा उत्तर दिलं नाही, ही पहिली. चौथ्यांदा दिलं आणि गाव नापास झालं, ही दुसरी. पहिलीत ती स्वतः फिर्यादी होती आणि दुसरीत आरोपी, आणि दोन्हींत तिला न्याय हवा होता.

नाना कुणाशी थेट बोलत नाहीत, आणि नानांशीही कुणी थेट बोलायचं नसतं. मध्ये ओचामे असतो. नाना पुटपुटतात, ओचामे ते धुऊनपुसून, म्हणींचे काठ लावून लोकांपुढे मांडतो. ओचामे सार्फो आधीच्या नानांपासून धरून चाळीस वर्षं हे करत होता. नानांच्या "हं"चं त्याच्याकडे पाच मिनिटांचं भाषण होई. नाना खोकले की दहा मिनिटांचं.

सिस्टरनं सगळी हकिगत सांगितली. नाना बराच वेळ फोनकडे बघत बसले आणि मग ओठ हलवल्यासारखं करून गप्प झाले. ओचामे उभा राहिला. "नाना म्हणतात, ज्याच्या पदरी ओचामे आहे त्याला तोंड उघडावं लागत नाही. नानांनी बत्तीस वर्षांत कुणाच्या विचारपुशीला उत्तर दिलेलं नाही. त्यांना उद्धट म्हणालंय का कुणी?"

कुणी म्हणालेलं नव्हतं. निदान तिथं बसलेल्यांपैकी कुणी नाही.

तेव्हा ठरलं ते असं, की बुधवारी दहा ते बारा ओचामे सिस्टरच्या पदरी. तिची जी काही विचारपूस होईल ती तो दारात बसून तिच्या वतीनं घेईल. मग त्या दोन तासांत नानांच्या वतीनं कोण बोलणार, असं एकानं विचारलं. नाना पुन्हा पुटपुटले आणि ओचामेनं सांगितलं, की त्या दोन तासांत नानांना काही सुचणार नाहीये.

जागा बिरागो आंटीनं दिली. तिचा थोरला भाऊ बादू याचं घर टेकाडावर, नेटवर्कच्या अगदी तोंडाशी. "माझ्यापायी घालवलंस ना, मग माझ्याच माहेरात मिळव," ती सिस्टरला म्हणाली. बादू दोन महिन्यांपूर्वी शहाण्णवाव्या वर्षी वारला होता. परदेशातले नातू यायचे होते, म्हणून अंत्यविधी लांबला होता आणि तोवर त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात शीतगृहात ठेवलं होतं. त्यामुळे त्याची खोली रिकामी होती, असं सगळ्यांना वाटत होतं.

बुधवार उजाडला. गावानं कोंबडे टोपल्यांखाली झाकले. चर्चच्या गायकांनी सराव रद्द केला, त्याचं गावाला तसं दुःख झालं नाही. उकडलेल्या कंदांचा फुफू कांडायचा आवाज टेकाडावर जातो म्हणून उखळांना सुट्टी दिली, आणि येबोआक्रोमनं तो दिवस भाजलेल्या केळ्यांवर काढला. ओचामे सार्फो सोन्याच्या मुठीची काठी घेऊन दहाला पाच कमी असताना बादूच्या ओसरीवर बसला.

अडचण एवढीच झाली, की सिस्टरची विचारपूस ओचामे घेणार, ही बातमी पसरली होती. असा मान रोज कुठे मिळतो? ज्यांचं टेकाडावर काहीही काम नव्हतं ते मुद्दाम चढून आले. ओचामे प्रत्येकाचं हळू आवाजात ऐकून घेई आणि तितक्याच हळू सांगे, "सिस्टर म्हणतात त्या बऱ्या आहेत, आणि तुमचा गुडघा काय म्हणतोय?" काही जण मागच्या वाटेनं उतरून दुसऱ्यांदा रांगेत लागले.

आत सिस्टरचं झकास चाललं होतं. खोली अंधारी, समोर एक दिवा, पाठीशी भिंत. पस्तिसावा प्रश्न येईपर्यंत पावणेअकरा झाले. बादूच्या छपराच्या पत्र्याला एक भोक होतं. ते बुजवायचं बुजवायचं म्हणत तो सव्वीस वर्षं जगला. त्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली आणि सिस्टरच्या मागच्या भिंतीवर पडली.

भिंतीवर बादू होता. त्याच्या अंत्यविधीचं पोस्टर तिथं डकवलेलं होतं, चांगलं दाराएवढं, कोटटायमध्ये. वर ठळक अक्षरांत "अरेरे, हे काय अचानक" आणि खाली वय शहाण्णव. छापणाऱ्यानं चेहरा इतका उजळवला होता, की जिवंतपणी बादू एवढा स्पष्ट कुणाला दिसला नव्हता.

फोन पिवळा झाला. त्यावर लिहून आलं, "खोलीत दुसरी व्यक्ती आहे. त्या व्यक्तीने तीन मिनिटांत बाहेर जावे, अन्यथा पेपर बंद होईल." खाली आकडे उलटे पळायला लागले.

बोलायचं नाही, उठायचं नाही, आणि मागे तर बघायचंही नाही. सिस्टरनं नजर प्रश्नावर ठेवली आणि टेबलाखाली चिठ्ठी खरडून दाराकडे टाकली. दारात बिरागो आंटी राखणीला बसली होती. तिनं ती ओसरीवर नेली, ओचामेनं वाचली. यंत्राला भिंतीवरचा माणूस दिसतोय, पोस्टर काढा, एवढंच लिहिलं होतं.

आंटीला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "मी ओरडून सांगत होते ना, तो अजून घरातच आहे म्हणून," ती कुजबुजली. "सकाळी सकाळी खोकतो. मला म्हाताऱ्यांचे भास म्हणत होतात. आता यंत्रानं सांगितलं."

"काढायचं कसं पण?" ओचामे म्हणाला. "अजून क्रियाकर्म व्हायचंय. माणसाला त्याच्याच घरातून न विचारता बाहेर काढायचं?"

"मग विचार."

"विचारतो," असं म्हणून ओचामेनं घसा खाकरायला तोंड उघडलं, आणि आंटीनं त्यावर हात दाबला.

तेव्हा कुठे दोघांना पेच कळला. गेलेल्या माणसाला काही विचारायचं, तर जमिनीवर दारू ओतून त्याला हाक मारावी लागते. त्याला म्हणजे नुसतं त्याला नव्हे, त्याच्या पणज्यापासून सगळ्यांना, नावानिशी, मानपानानं. घाईघाईत म्हटलं तरी पंधरा मिनिटं. इथं दोनच उरली होती, आणि खोलीत अवाक्षर काढायची सोय नव्हती.

ओचामेनं बाटली घेतली, काठी घेतली, आणि कॅमेऱ्याच्या नजरेखालून जाण्यासाठी तो पोटावर झोपला. काठी बाहेर ठेव, असं आंटीनं खुणेनं परोपरीनं सांगितलं. पण काठीशिवाय विचारलं तर ते ओचामेनं विचारलं असं होत नाही; एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला हटकलं एवढंच होतं. तो सरपटत आत गेला. सत्तरीचा माणूस, अंगावर भरजरी वस्त्र, एका हातात बाटली, आणि दुसऱ्या हातातली काठी सवयीनं उभी.

त्या काठीच्या मुठीवर सोन्याचा मुलामा दिलेली दोन माणसं समोरासमोर जेवायला बसलेली आहेत. ती सिस्टरच्या उजव्या खांद्यामागून सावकाश वर आली.

"खोलीत चार व्यक्ती आहेत," फोन म्हणाला.

सिस्टरनं डोळे मिटून उघडले. समोर छत्तिसावा प्रश्न होता. रुग्णाला नसलेली माणसं दिसत असल्यास परिचारिकेनं प्रथम काय करावं? तिनं तिसरा पर्याय निवडला, स्वतः शांत राहावं, आणि तसा प्रयत्न केला.

आंटीनं ओचामेचा घोटा धरून ओढला. काठी खाली गेली, जेवणारे दोघे चौकटीतून गेले. एक मिनिट पाच सेकंद. ओचामे भिंतीशी पोचला, आडव्यानंच थोडी दारू जमिनीवर ओतली आणि वर बादूकडे बघून ओठ हलवायला लागला. आवाज नाही. चाळीस वर्षांत ज्याचं वाक्य कधी अडलं नव्हतं त्याच्या गळ्याशी बादूचा पणजा, पणजाचा भाऊ, त्यांची गावं, त्यांच्या लढाया, सगळे येऊन दाटीनं उभे राहिले. मानेच्या शिरा फुगल्या. डोळ्यांत पाणी आलं. चाळीस सेकंद. आणि मग ओचामे सार्फोनं असं काही केलं, जे येबोआक्रोममध्ये आजवर कुणी केलं नव्हतं. उरलेली बाटली त्यानं बादूच्या तोंडावर फेकली, म्हणजे बाटलीतली दारू.

आंटीनं दारात पदरात तोंड लपवलं.

पोस्टर कसाव्याच्या खळीनं डकवलेलं होतं. खळीनं दारू प्यायली आणि धीर सोडला. आधी डावा कोपरा सुटला, मग उजवा. बादूनं मान लववली, कमरेत वाकला, आणि सिस्टरच्या खुर्चीमागे हळूच उतरून जमिनीकडे तोंड करून आडवा झाला. आकडे एकोणीसवर होते.

"खोलीत एक व्यक्ती आहे. पुढे चालू ठेवावे."

आंटी ओसरीवर आली आणि रांगेला तिनं दबक्या आवाजात सांगितलं, की बादू आपल्या पायानं गेला, कुणी ढकललं नाही. पण आता ओचामे आत अडकला होता. उठला असता तर दिसला असता, म्हणून तो बादूशेजारी तसाच पडून राहिला आणि दारूच्या वासानं यथावकाश झोपला. बाहेर विचारपूस तुंबली. शेवटी नाना स्वतः टेकाड चढून आले आणि ओचामेच्या चटईवर बसले. "सिस्टर बऱ्या आहेत," ते पहिल्या माणसाला म्हणाले. बत्तीस वर्षांनी गावानं नानांचा आवाज ऐकला. चांगला होता. जरा बारीक होता. बाराच्या ठोक्याला सिस्टर पेपर पुरा करून बाहेर आली, तेव्हा नानांना खाली उतरायचीच इच्छा नव्हती.

निकाल काही लागला नाही. पत्र आलं. आपल्या पेपरच्या वेळी खोलीत अनुक्रमे एक, दोन, चार, दोन आणि एक व्यक्ती होत्या. तिसरी व चौथी व्यक्ती जेवत असल्याचे दिसते. दुसरी व्यक्ती कोण, तिने उमेदवारास काय मदत केली आणि ती सध्या कुठे आहे, याचा लेखी खुलासा करावा. तोवर निकाल राखून ठेवण्यात येत आहे. सिस्टरनं दोन दिवस जेवण टाकलं. मग जे खरं ते लिहिलं, आणि ओचामेनं त्याला शेवट जोडला: "जेवणाऱ्या व्यक्ती लाकडी आहेत. दुसरी व्यक्ती, दिवंगत श्री. बादू, सध्या जिल्हा रुग्णालयात असून येत्या शनिवारी गावी येत आहेत. समक्ष भेट घ्यावी. पोशाख काळा अथवा तांबडा."

अंत्यविधीचं बोलावणं आलं आणि गेलो नाही, असा माणूस आमच्याकडे जन्मायचा आहे. शनिवारी परीक्षा विभागाचे आदोमाको साहेब काळं वस्त्र खांद्यावरून घेऊन, बगलेत फाइल धरून हजर झाले. मांडवात तीनशे माणसं. साहेबांनी रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवला, त्यात पाऊण तास गेला. सिस्टर मागे मागे चालत होती. तिला प्रत्येक हात मोजावासा वाटत होता.

बादूला पितळी पलंगावर, पोस्टरमधल्याच कोटात निजवलं होतं. साहेबांनी फाइलमधून कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र काढलं, एकदा चित्राकडे बघितलं, एकदा पलंगाकडे.

"हेच?"

"हेच, साहेब," सिस्टर म्हणाली.

"आणि पेपरच्या दिवशी यांची प्रकृती?"

"अशीच होती."

साहेबांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "ओळख पटली. सदर व्यक्ती उत्तरं सांगण्याच्या स्थितीत नव्हती."

पलंगाच्या उशाशी बिरागो आंटी बसली होती. भावाचा असा अपमान, तोही त्याच्याच अंत्यविधीला, तिला सोसला नाही. "नसायला काय झालं?" ती म्हणाली. "तीन वर्षं रोज केंद्राच्या रांगेत बसायचा तो. सगळं हृदय तोंडपाठ होतं त्याचं. हिच्या आधी उत्तरं द्यायचा."

साहेबांचं पेन कागदावरून उचललं गेलं. सिस्टरला पदवी समोरून उठून निघून जाताना दिसली, अगदी पाठमोरी.

ओचामे सार्फो काठी टेकत पुढे आला. त्यानं साहेबांसमोर मान झुकवली.

"साहेब, आंटी म्हणतात, जेवल्याशिवाय जायचं नाही."

आमच्याकडे ओचामे सांगतो तेच बोललं गेलेलं असतं. बाकीचं कानावर आलं तरी ते आलेलं नसतं. आदोमाको साहेब असल्याच एका गावात वाढले होते. त्यांनी आंटीकडे बघितलं, ओचामेकडे बघितलं, मग बराच वेळ बादूकडे. बादूनं काहीच म्हटलं नाही.

"आंटींना सांगा, जेवूनच जाईन," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

माईकवर एक जण मघापासून घसा ताणून सांगत होता, की कुणीतरी गाडी जेवणाच्या टेम्पोसमोर लावली आहे, ती काढावी. साहेबांनी त्याच्याकडून माईक घेतला. आधी बादूच्या कुटुंबाचं सांत्वन केलं. मग म्हणाले, उमेदवार पोकुआ, अठ्ठ्याहत्तर टक्के, उत्तीर्ण. मग त्या गाडीचा नंबर वाचला. ती त्यांचीच होती.

पण तोवर कुणी ऐकत नव्हतं. ढोल कडाडले, नातवांनी बादूला तसंच ठेवून सिस्टरला उचललं, आणि बिरागो आंटी ऐंशी वर्षांच्या कमरेनं अशी नाचली की दोन जणी तिचं सोडियम बघायला धावल्या. सिस्टर हसत होती, रडत होती. नाना दिसेल त्याला स्वतःच्या तोंडानं सांगत सुटले होते, की अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, आणि ओचामे त्यांच्या मागे फिरत ते पुन्हा नीट करून सांगत होता.

मग मागच्या रांगेतून एका टोमॅटोवालीचा आवाज आला. "बाकीचे बावीस कशात गेले, ते सांगा ना कुणीतरी."

ढोल थांबले. प्रश्न रास्त होता. सगळ्यांनी सिस्टरकडे बघितलं. प्लीहेत गेले, ती म्हणाली, प्लीहेचं व्याख्यान चाललं होतं तेव्हा गोवराची साथ होती, लक्षच लागलं नाही. गावाचंही लागलं नव्हतं. मांडवभर माणसं अपराध्यासारखी खाली बघायला लागली.

सिस्टरनं डोळे पुसले, साहेबांच्या हातातून माईक घेतला, आणि प्लीहा शरीरात नेमकी कुठे असते, इथपासून सुरुवात केली. तीनशे माणसांनी प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून पुढे घेतल्या. साहेब पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी फाइल उघडून टिपणं काढायला घेतली.